पायानं गाडी ऐकणारे चाचा

चाचांच्या डाव्या दंडाला एक दोरी बांधलेली असायची आणि तिचं दुसरं टोक मागच्या दाराशी माझ्या हातात असायचं. बडनेऱ्याहून नांदगाव पेठेपर्यंत आम्ही दोघं असे बांधलेले जायचो आणि तसेच परत यायचो. दोरी एकदा ओढली की थांबा, दोनदा ओढली की चला. बाकीच्या गाड्यांत ही दोरी ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या घंटीपाशी संपते. आमच्या गाडीतही घंटी होती, चांगली ठणठणीत वाजायची. पण चाचांनी दोरी घंटीतून पुढे ओढून आपल्या दंडाला गाठ मारून घेतली होती. म्हणायचे, "घंटीचा भरोसा नाई बेटा." कॉलेजातल्या पोरी फिदीफिदी हसायच्या. एक म्हणाली, कंडक्टरबाईनं ड्रायव्हर दावणीला बांधला. मीही हसले. मला तेव्हा काही माहीत नव्हतं.

आधी माझं सांगते. मी या लाइनवर कंडक्टर आहे आणि माझं तोंड फाटकं आहे. राजकमल चौकात ओरडले तर पुढच्या चौकातला ऑटोवाला बाजूला होतो. दारात लटकणारे, बायकांच्या सीटवर झोपेचं सोंग घेणारे, पाय पसरणारे, सगळे मी वठणीवर आणले. पुण्याहून आलेल्या एका मॅडमनं मला विचारलं, तुम्ही त्यांच्याशी भांडताय का? म्हटलं, "नाई मॅडम, बोलून राहिली." अशी मी. आणि याच तोंडाला दोन वर्षं कुलूप होतं. चाचांना ऐकू येत नव्हतं आणि ते मला ठाऊक होतं. भरल्या गाडीचा ड्रायव्हर बहिरा, आणि ही गोष्ट जगात दोघांनाच माहीत. त्या दोन वर्षांतली भीती अजून माझ्या पोटात आहे. म्हणून तर हे सांगायला बसले.

पण चाचांचे कान असे नव्हते. कॉलेजला असताना मी त्यांच्याच गाडीनं बडनेऱ्याहून अमरावतीला जायची. तेव्हा या लाइनवर मोठ्या लाल गाड्या होत्या. चढायला उंच पायऱ्या, खिडक्यांच्या काचा खडखड वाजणाऱ्या, आणि इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या हाताशी, पत्र्याच्या पेटीखाली. त्या पेटीजवळ उभं राहिलं की पिंडऱ्या भाजायच्या. चाचा मूळचे अचलपूरचे. मिशा काळ्याभोर, डोक्याला रुमाल, बोलणं अर्धं वऱ्हाडी अर्धं हिंदी. गाडीच्या आवाजावरून ते तिची तब्येत सांगायचे. "आज हिचा दुसरा गेर रडून राहिला," म्हणायचे. नाहीतर, "पंखा खोकलते."

एकदा साईनगरपाशी त्यांनी भरली गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "उतरा सारे."

"काहून?" लोक म्हणाले.

"मांगचं चाक दात खाऊन राहिलं."

लोक चिडले. हाफिसात जाणारा एक चश्मेवाला तर त्यांच्या सात पिढ्यांपर्यंत पोचला. चाचा रुमाल अंथरून गाडीखाली गेले. बाहेर आले तेव्हा म्हणाले, या पाहाले. आम्ही वाकून पाहिलं. मागच्या चाकाचे नट हातानं फिरत होते. पुढच्या उतारावर चाक आमच्या आधी राजापेठेला पोचलं असतं. चश्मेवाल्यानंच मग त्यांना चहा आणून दिला. त्या दिवशी मी घाबरले होते, पण ती टळून गेलेल्या गोष्टीची भीती. ती घरी जाईपर्यंत उतरली.

पुढे त्या लाल गाड्या थकल्या. आधी फेऱ्या कमी झाल्या, मग रोज एखादी गाडी वाटेत बसायला लागली, मग एका सकाळी आलीच नाही. बरेच दिवस या लाइनवर ऑटोवाल्यांचं राज्य होतं. त्यानंतर ठेकेदाराच्या छोट्या गाड्या आल्या, ठेंगण्या, निळ्या. उंच माणसाचं डोकं छताला लागायचं. त्या गाड्यांवर मी कंडक्टर म्हणून लागले, आणि पहिल्या दिवशी माझ्या गाडीत ड्रायव्हर कोण, तर चाचा. मिशा पांढऱ्या झालेल्या, रुमाल तोच. मला ओळखलं नाही. मी म्हटलं, चाचा, साईनगरचं चाक. तेव्हा हसले.

लहान गाडीतले चाचा बदललेले होते. ते अनवाणी गाडी चालवायचे. चपला सीटखाली ढकलून द्यायचे आणि दोन्ही तळवे पत्र्यावर टेकवून थोडा वेळ गप्प बसायचे. विचारलं तर म्हणायचे, "गाडी पायानं आयकाव बेटा. कान त कोनीबी भरते, पाय कोनी भरत नाई." निघण्याआधी इंजिनच्या झाकणावर तळहात ठेवायचे, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. आरसे तर विचारू नका. गाडीसोबत आलेले वेगळे, वरून त्यांनी स्कूटरचे दोन लावले आणि डोक्यावर न्हाव्याच्या दुकानातला एक. त्यात त्यांना मी दिसायची, माझं तोंड दिसायचं. आणि समोरच्या काचेखाली त्यांच्या हातानं खडूनं लिहिलेलं होतं: ड्रायव्हरसंगं बोलू नोका, तो जवाब देत नाई.

प्रवाशांना मजा वाटायची. चाचा कधी कोणाच्या पुढे गाडी काढत नसत, पुढच्या गाडीपासून कोस कोस दूर राहत. म्हाताऱ्या बायका दुसरी गाडी सोडून आमच्या गाडीची वाट पाहायच्या. म्हणायच्या, हा मानूस सावकाश नेते, याच्या गाडीत जीवाले घोर नाई. मलाही तेच वाटायचं. एवढा सांभाळून चालवणारा माणूस एवढं का सांभाळतो, हे माझ्या टाळक्यात आलं नाही.

ते आलं राजापेठेला. स्टॉपवरची माणसं उतरली, मी दोरी दोनदा ओढली, गाडी हलली. तेवढ्यात एक म्हातारी जागची उठली आणि थेट पायरीवर. म्हणे, मले इथंच उतरनं हाय वो. एक पाय खाली, एक वर. मी दोरी ओढली. घंटी वाजली. गाडी थांबली नाही. मी पुन्हा ओढली, पुन्हा ओढली, घंटी चाचांच्या टाळूवर ठणठण वाजत होती, सारी गाडी ओरडत होती, रोका, रोका, आणि चाचा शांतपणे गेर बदलत होते. म्हातारी पडली. मी माणसं ढकलत पुढे धावले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते असे दचकले की मीच घाबरले. ब्रेक दाबला. चला म्हणून दिलेल्या त्या दोन झटक्यांतच त्यांच्या दंडाची गाठ सुटली होती आणि दोरी हवेत लोंबत होती.

म्हातारीचं नशीब चांगलं, कोपर खरचटलं तेवढंच. लोकांनी तिला उठवलं, तिनं आम्हाला शिव्या दिल्या, आणि ती गेली. चाचांनी आणि मी नांदगाव पेठेपर्यंत एकमेकांकडे पाहिलं नाही. तिथे गाडी रिकामी झाल्यावर मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "कवापासून?"

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. "डावा त लाल गाडीतच गेला," म्हणाले. "सारी उमर इंजिन त्याच बाजूले होतं. उजवा आता जाऊन राहिला."

"अन् तुमी गाडी चालवून राहिले?"

"पोरगी अकोल्याले नर्सिंगले हाय बेटा. तिचं होऊ दे. तोवर कोनाले सांगू नोको."

मी म्हटलं, बरं. एवढंच म्हटलं. माझ्यासमोर माझ्या बापाच्या वयाचा माणूस अनवाणी बसलेला होता आणि माझ्या तोंडाकडे असा पाहत होता की त्यातून दुसरा शब्द निघालाच नाही. त्यांनी दंड पुढे केला. मीच दोरी बांधली, दुहेरी गाठ मारून.

त्या दिवसापासून मी भीतीच्याच नोकरीला लागले, कंडक्टरकी नावाला. आम्ही दोरीचे नवे इशारे ठरवले. तीनदा ओढली की मागून रुग्णवाहिका येते आहे. लांब ओढून धरली की डावीकडून कोणी हॉर्न मारत घुसतो आहे. मी मागच्या खिडकीतून मुंडकं बाहेर काढून सगळ्या रस्त्याचं ऐकत राहायची. पंचवटी चौक आला की माझा हात घामानं ओला व्हायचा आणि दोरी निसटेल असं वाटायचं. गर्दीत कोणी चुकून दोरीला धरलं तर मी अशी अंगावर जायची की तो माणूस पुन्हा आमच्या गाडीत चढत नसे. घरी झोपेत मी नवऱ्याचा हात ओढायची. तो विचारायचा, थांबू का चालू? त्याला गंमत वाटायची. मी त्यालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं मला सकाळी गाडीवर जाऊ दिलं नसतं, आणि मी नसले तर दोरी कोण धरणार, असं माझं उलटं गणित.

रोज रात्री ठरवायची, उद्या सांगते. रोज सकाळी बडनेऱ्याला चाचा झाकणावर तळहात ठेवून उभे दिसायचे, माझ्याकडे पाहून दंड पुढे करायचे, आणि मी गाठ मारायची.

त्यांची पोरगी पास झाली. अकोल्यातच दवाखान्यात लागली. चाचांनी साऱ्या गाडीला पेढे वाटले. मी जीव मुठीत धरून वाट पाहिली, आता म्हणतील, बेटा, झालं, आता मी घरी बसतो. नांदगाव पेठेला मीच विषय काढला. "चाचा, आता त झालं ना पोरीचं."

त्यांनी दंडावरची गाठ चाचपली. मग म्हणाले, "घरी बसून काय करू? घरात सारे तोंड हालवतात, मले काई समजत नाई. कोनी मले हात लावत नाई. गाडीत तुही दोरी त हाय."

मी पुढे होऊन ती गाठ घट्ट केली आणि दाराशी जाऊन दोरी दोनदा ओढली. आज वाटतं, तिथेच बोलायचं होतं.

मग विजेच्या गाड्या आल्या. आमच्या लाइनचं भाग्य उजळलं, सगळे म्हणाले. थंड हवा, मऊ सीटा, आपोआप उघडणारं दार, पुढचा स्टॉप सांगणारी बाई. पायऱ्याही ठेंगण्या, म्हाताऱ्या बायका खूश. गाडी शिकवायला आलेल्या माणसानं आम्हाला सगळं दाखवलं. मी विचारलं, दोरी कुठे आहे? तो हसला. म्हणाला, ताई, दोरी गेली आता, इथे बटण आहे, दाबलं की ड्रायव्हरला बारीक आवाज ऐकू येतो. मी चाचांकडे पाहिलं. ते त्या माणसाच्या ओठांकडे पाहून मान हलवत होते.

नव्या गाडीआधी डॉक्टरांनीही चाचांना तपासलं. डोळे पाहिले, रक्तदाब पाहिला, आणि समोर बसून विचारलं, ऐकायला येतं ना? चाचा म्हणाले, "जी साहेब."

पहिल्या दिवशी शिकवणाऱ्यानं चावी फिरवून दिली. चाचांनी चपला काढल्या, तळवे पत्र्यावर ठेवले आणि माझ्याकडे वळले. "त्याले चालू कर म्हन."

"चालूच हाय चाचा."

त्यांनी पुन्हा पाय टेकवले. हात टेकवला, समोरही, बाजूलाही. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. "हे त मेल्यावानी हाय," म्हणाले. "जिती हाय का मेली, कसं समजाव?"

आता मी मागे उभी राहत नव्हते, त्यांच्या सीटला टेकून उभी राहायची आणि खांद्यावर बोटानं सांगायची. गर्दी असली की माझं तिकीट मागे, जीव पुढे. त्यात रस्त्यावरच्या लोकांना गाडी आली हेच कळत नव्हतं. रहाटगावला एक माणूस फोनवर बोलत बोलत आमच्या तोंडापुढे आला, गाडी त्याच्या पाठीशी थांबली तरी वळला नाही. गाडी मुकी, ड्रायव्हर बहिरा आणि मधे मी. मी सुपरवायझरच्या खोलीच्या दारापर्यंत दोनदा गेले. एकदा आत जाऊन रजेचा अर्ज देऊन आले, एकदा नुसतं पाणी पिऊन आले.

आणि मग ती दुपार. नांदगाव पेठेला गाडी उभी होती. तिथल्या कापडाच्या कारखान्यातल्या बाया सुटी झाली की गाडीच्या सावलीत बसतात. झाड नाही, शेड नाही, आमची गाडीच त्यांचं झाड. दुपार कलली की सावली गाडीच्या तोंडापुढे पडते, म्हणून त्या पुढेच बसायच्या, डबे उघडून. लाल गाड्यांपासूनची सवय. इंजिन बंद झालं की बसायचं, घरघरलं की उठायचं. कोणाला सांगावं लागत नसे. विजेच्या गाडीतही त्या तसंच करत होत्या. आवाज नाही म्हणजे गाडी बंद. आणि आत चाचा तेच करत होते. पायाला काही लागत नाही म्हणजे गाडी बंद.

गाडी बंद नव्हती. गेरमध्ये होती, नुसती ब्रेकवर थांबलेली. मी नळावर बाटली भरत होते. चाचांनी चपला घ्यायला सीटखाली हात घातला आणि ब्रेकवरचा पाय काढला.

मी मान वर केली तेव्हा गाडी चालत होती. हळूच, काही आवाज न करता, बायांच्या पाठीकडे. मी ओरडले. या फाटक्या तोंडातून निघेल तेवढ्या जोरानं ओरडले. बाया माझ्याकडे पाहायला लागल्या. गाडीकडे कोण पाहणार, ती तर गप्प. मी धावत गाडीच्या पुढे गेले आणि दोन्ही हात काचेवर आपटले. आत सीटवर कोणी दिसत नव्हतं. चाचा खाली वाकलेले होते, चप्पल शोधत. काच तापलेली होती, मी तिला ढकलत होते, आणि ती मला मागे ढकलत होती. बाया रांगत, पडत बाजूला झाल्या. एक राहिली. ती उठायला पाही आणि पुन्हा बसे, उठायला पाही आणि बसे. तिचा पदर चाकाखाली गेला होता.

तेव्हा चाचांचं डोकं वर आलं. त्यांनी माझं तोंड पाहिलं. गाडी थांबली.

चाक त्या बाईच्या गुडघ्यापासून वीतभर होतं. तिचा डबा चपटा झाला होता. गाडी मागे घ्यायचं म्हणायला कोणाची जीभ रेटेना, म्हणून आम्ही दोघीतिघींनी तिचा पदर फाडला आणि तिला बाहेर काढलं. ती रडत नव्हती. नुसती आपल्या गुडघ्यावरून हात फिरवत होती.

मी आत गेले. चाचा सीटवर बसले होते, एक चप्पल पायात, एक हातात. मी फोन काढला आणि सुपरवायझरला लावला. पाठ फिरवून बोलावं असं एकदा मनात आलं. मग मी त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिले, त्यांना माझे ओठ नीट दिसतील अशी.

"साहेब, दुसरा ड्रायव्हर पाठवा," मी म्हटलं. "चाचांना ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. मला माहीत होतं."

साहेब तिकडून काय काय बोलले ते मला आठवत नाही. चाचांनी प्रत्येक शब्द माझ्या ओठांवरून घेतला. फोन ठेवला तेव्हा त्यांनी हातातली चप्पल खाली ठेवली, गाडीची चावी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"चूक माही हाय," ते म्हणाले. "सारी माहीच. मीच म्हनलं तुले, सांगू नोको. मी त म्हननच ना बेटा. मले गाडीशिवाय दुसरं काय येते? पन तू काहून मानलं माहं?"

"भेव लागे चाचा."

"कायचं?"

"तुमचं काम जाईन, याचं."

त्यांनी समोरच्या काचेतून बाहेर पाहिलं. बाया रस्त्याच्या पलीकडे गेल्या होत्या. फाटक्या पदराची बाई मधे होती आणि आता कुठे तिला रडू फुटलं होतं. चाचांना ते ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं.

"अन् तिचं नाई लागलं?" त्यांनी विचारलं.

दुसरा ड्रायव्हर यायला बराच वेळ लागला. तोवर बाया तिकडे उन्हातच उभ्या राहिल्या, आमच्या सावलीत एकही परत आली नाही.